कोलंबियाच्या वाटेकडे लागलेले डोळे



१ फेब्रुवारी हा आपल्या बेटावर सुट्टीचा दिवस. १८३५ साली या दिवशी येथील गुलामगिरी संपली. तिची आठवण म्हणून ल मॉर्नच्या डोंगराच्या पायथ्याशी फुले वाहिली जातात. २००३ साली हा दिवस शनिवारी आला होता. त्या संध्याकाळी सव्वापाच वाजता आपल्यापैकी कोणी समुद्रावर होते, कोणी अंगणात पाहुण्यांशी बोलत बसले होते. त्याच घटकेला आपल्याच हिंदी महासागराच्या वर, सुमारे २८० किलोमीटर उंचीवर, कोलंबिया नावाच्या अमेरिकन अवकाशयानाने घरी परतण्यासाठी इंजिने पेटविली. यान त्या वेळी उलटे होते आणि शेपूट पुढे करून चालले होते. वेग कमी करण्यासाठी इंजिने अडीच मिनिटांहून थोडा अधिक वेळ चालली. आत सात माणसे होती. त्यांपैकी एक होती हरियाणातल्या कर्नाल गावची कल्पना चावला.

त्या वर्षी आम्ही शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेत होतो. आम्हा पाचसहा जणांना आकाशाचे वेड होते. वाक्वा येथे एक निवृत्त गुरुजी राहत. त्यांच्या घरी संगणक होता आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येत असे. अमेरिकेच्या नासा संस्थेचे प्रक्षेपण त्यावर पाहावयास मिळे. चित्र पोस्टाच्या तिकिटाहून थोडे मोठे, आणि तेही मधूनमधून गोठून बसे. आवाज मात्र बरा यायचा. आमचा कार्यक्रम चालू असेपर्यंत घरचा फोन अडकलेला असे, आणि काकी दारात येऊन विचारीत, "मेला फोन मोकळा व्हायचा आहे की नाही आज?"

यान १६ जानेवारीला, आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी ७ वाजून ३९ मिनिटांनी, फ्लोरिडाहून उडाले. फ्लोरिडाच्या वेळेत नऊ तास मिळविले की आपली वेळ येते. गुरुजींनी एका जुन्या वहीत दोन रकाने आखले होते, एक तिकडच्या वेळेचा आणि एक इकडच्या वेळेचा. जो त्या वेळी ऐकत असेल त्याने त्यात नोंद करावयाची असा नियम होता. अंतराळवीरांनीही आपल्या दोन तुकड्या केल्या होत्या, तांबडी आणि निळी. एक तुकडी झोपली की दुसरी काम करी. कल्पना तांबड्या तुकडीत होती. यानात चोवीस तास कोणी ना कोणी जागे असल्यामुळे आमची वहीही सारखी चालू राहिली.

होऊ घातलेले शिक्षक म्हणून आमचे विशेष लक्ष मुलांच्या प्रयोगांकडे होते. सहा देशांच्या विद्यार्थ्यांनी आपापले प्रयोग या यानातून पाठविले होते. मेलबर्नच्या मुलांचे कोळी होते, बीजिंगच्या मुलांचे रेशमाचे किडे, न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजच्या मुलांच्या मुंग्या, जपानच्या मुलांचे छोटे मासे. लिख्टेनस्टाईन या चिमुकल्या देशाच्या मुलांनी लाकूड पोखरणाऱ्या मधमाश्या पाठविल्या होत्या, आणि इस्रायलच्या मुलांनी स्फटिक वाढविण्याचा प्रयोग दिला होता. वजन नाहीसे झाल्यावर कोळी जाळे कसे विणतो, मुंगी बोगदा कसा पोखरते, हे पाहण्यासाठी ती मुले खालून चित्रांची वाट पाहत होती. एका लहान देशाच्या मुलांच्या मधमाश्या अवकाशात जातात, मग आपल्या मुलांचे काही का जाऊ नये, असे आम्ही एकमेकांना म्हणत असू.

आणखी एक गोष्ट आम्हाला गुरुजींनी समजावून दिली. कोलंबियाची कक्षा विषुववृत्ताशी ३९ अंशांचा कोन करीत होती. त्यामुळे यान ३९ अंश उत्तर आणि ३९ अंश दक्षिण यांच्यामध्येच फिरत राहिले. लंडन आणि पॅरिस यांच्या डोक्यावरून ते कधीच गेले नाही, पण आपले बेट २० अंश दक्षिणेला असल्यामुळे त्याच्या पट्ट्यात येत होते. हे कळल्यावर आम्ही रोज तिन्हीसांजेला गच्चीवर उभे राहू लागलो. वाक्वाचे ढग आपणास ठाऊक आहेतच. एका संध्याकाळी मात्र ढग फाटले आणि एक ठळक ठिपका न लुकलुकता, न आवाज करता सरळ निघून गेला. ती कोलंबियाच होती असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "कोणी का असेना, एवढ्या उंच गेले आहे, हात जोडा." आम्ही हात जोडले.

२८ जानेवारीला अंतराळवीरांनी काम थांबवून, १९८६ साली त्याच तारखेला नष्ट झालेल्या चॅलेंजर यानातील सात जणांचे स्मरण केले. त्या सातांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिका होती. अवकाशातून ती मुलांना धडे देणार होती. आम्ही वहीत ती नोंद केली आणि थोडा वेळ कोणी बोलले नाही.

आता १ फेब्रुवारीच्या संध्याकाळकडे वळू. यान सहा वाजून सोळा मिनिटांनी उतरावयाचे होते. काकींनी सकाळपासून पुरणपोळीचा घाट घातला होता, कारण आपली पोर सुखरूप परत येत होती. तिकडे कर्नालला कल्पनेच्या जुन्या शाळेतही मुले आनंदोत्सवासाठी जमली होती. पावणेसहाला यान वातावरणात शिरले. सहाला थोडा अवकाश असता ह्यूस्टनच्या केंद्राने यानाला हाक मारली. नायक रिक हजबंड यांचे उत्तर अर्ध्यावरच तुटले. पुन्हा हाक, पुन्हा शांतता. आम्हाला वाटले, आपलाच टेलिफोन बंद पडला. एकाने उठून तारही तपासली. सहा वाजून सोळा मिनिटे झाली, आणि धावपट्टीवर कोणी उतरले नाही. वहीत त्या ओळीपुढे काय लिहावे हे कोणालाच सुचेना. त्या दिवशीच्या पुरणपोळ्या तशाच राहिल्या.

हे सारे आज पुन्हा सांगण्याचे कारण पुढे आहे.

उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनाच्या मोठ्या टाकीवरील फोमचा एक तुकडा निसटला होता. त्याचे वजन जेमतेम पाऊण किलो, आकार एखाद्या लहान सुटकेसएवढा. पण तो ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तेथे कार्बनचे उष्णतारोधक कवच असते, आणि परतताना त्याला सोळाशे अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता सोसावी लागते. हा आघात दुसऱ्याच दिवशी चित्रीकरण तपासताना दिसला होता. काही अभियंत्यांनी विनंती केली की अवकाशातील यानाच्या पंखाची छायाचित्रे मिळवावीत. अशी विनंती एकदा नव्हे, तीनदा झाली. छायाचित्रे घेतली गेली नाहीत. फोम हलका असतो, तो पूर्वीही निसटला आहे, असे वरच्यांचे म्हणणे पडले. अंतराळवीरांना कळविण्यात आले की काळजीचे कारण नाही. पंखातील भोकातून तप्त वायू आत शिरले आणि यान फुटले. पुढे जुलै महिन्यात टेक्सासमध्ये तसाच फोमचा तुकडा तशाच कवचावर मारून पाहिला, तेव्हा चाळीस सेंटिमीटरएवढे भगदाड पडले. ऑगस्ट २००३ मध्ये चौकशी मंडळाने अहवाल दिला. त्यात स्पष्ट म्हटले होते की या अपघाताला जितका तो फोम कारण झाला, तितकीच संस्थेची काम करण्याची रीतही कारण झाली.

आता दुसरी बाजू पाहा. यान परतत होते तेव्हा कॅलिफोर्नियात पहाटेचे सहाही वाजले नव्हते. तेथून टेक्सासपर्यंत आमच्यासारखे कितीतरी हौशी लोक थंडीत अंगणात आणि रस्त्यावर उभे राहून आकाशातील ती तेजस्वी रेघ पाहत होते. अनेकांच्या हातात घरगुती व्हिडिओ कॅमेरे होते. आपण कौतुकाने टिपतो आहोत ते चित्र पुढे पुरावा ठरेल हे त्यांना कोठे माहीत होते? नासाने आवाहन केले आणि लोकांकडून हजारो निवेदने, छायाचित्रे आणि चित्रफिती आल्या. चित्रातील ग्रहताऱ्यांवरून दिशा काढून, वेळा जुळवून, तज्ज्ञांनी शोधले की कोणता तुकडा केव्हा सुटला. त्यातून कळले की यान समुद्र ओलांडून कॅलिफोर्नियावर आले तेव्हापासूनच त्याचे तुकडे सुटू लागले होते. ह्यूस्टनच्या नियंत्रकांना डाव्या पंखातील मापके बंद पडलेली तोवर नुकतीच दिसू लागली होती.

पुढे टेक्सासच्या रानात सुमारे २५,००० माणसे महिनोन्‌महिने शोध घेत फिरली. त्यांना ८४,००० च्या आसपास तुकडे सापडले, म्हणजे यानाच्या वजनाचा ३८ टक्के भाग. या शोधात एक हेलिकॉप्टर कोसळून दोघांनी प्राणही गमावले. मार्चमध्ये हेम्फिल गावाजवळ यानातील नोंदयंत्र फीत शाबूत राहून मिळाले. तिने पंखाच्या मापकांची सारी हकीगत सांगितली. एका डब्यात सूक्ष्म किडे जिवंत सापडले. सात माणसे गेली आणि किडे वाचले, याचा अर्थ काय लावावा हे आम्हाला आजही उमगत नाही.

म्हणजे ज्यांच्याकडे पाहण्याची साधने होती आणि विचारण्याचा अधिकार होता, त्यांनी वेळेवर पाहिले नाही. ज्यांना कोणी सांगितले नव्हते, त्यांनी केवळ प्रेमापोटी पाहिले, आणि पाहिलेले सांगितले.

या गोष्टीचा आमच्या धंद्याशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून एक कबुली देतो. शिक्षक झाल्यावर चौथ्या की पाचव्या वर्षी आमच्या वर्गात एक मुलगी होती. ती म्हणाली, "गुरुजी, फळा दिसत नाही." आम्हाला वाटले, मैत्रिणीजवळ बसण्याची युक्ती आहे. आम्ही म्हटले, "बस खाली." तिने पुन्हा सांगितले, आम्ही पुन्हा बसविले. तिसऱ्यांदा तिने आम्हाला सांगितलेच नाही, आजीला सांगितले. डोळे तपासले तेव्हा कळले की पोरीला दोन हातांपलीकडचे अक्षर वाचता येत नव्हते. चष्मा लागला आणि ती वर्गात पुढे आली. कोणाचा जीव गेला नाही, पण तिचे एक पूर्ण सत्र गेले ते आमच्यामुळे. त्या रात्री आम्हाला ह्यूस्टनच्या त्या तीन विनंत्या आठवल्या. दुसऱ्याला दोष देणे किती सोपे असते! खुर्चीवर बसल्यावर आपल्यालाही हलका फोम हलकाच वाटतो.

नासा मात्र शिकली, हेही सांगितले पाहिजे. जुलै २००५ मध्ये डिस्कव्हरी यान उडाले तेव्हा ते अवकाशस्थानकाच्या खाली सुमारे १८० मीटरवर थांबले आणि त्याने सावकाश एक कोलांटी मारली, अशासाठी की स्थानकातील दोघांना त्याच्या पोटाची छायाचित्रे घेता यावीत. फरश्यांच्या फटीतून दोन पट्ट्या बाहेर आलेल्या दिसल्या. ३ ऑगस्टला स्टीफन रॉबिन्सन यांनी यानाच्या पोटाशी जाऊन त्या हाताने ओढून काढल्या. ऑगस्ट २००७ मध्ये एंडेव्हर यानातून बार्बरा मॉर्गन गेल्या. चॅलेंजरच्या वेळी क्रिस्टाची जागा घेण्यासाठी तयार ठेवलेली शिक्षिका ती हीच. एकवीस वर्षे तिने वाट पाहिली. त्या यानाच्या पोटालाही खड्डा पडला होता. पण या वेळी तो पाहिला गेला, मोजला गेला, त्यावर चर्चा झाली, आणि यान सुखरूप उतरले. वादळाच्या धास्तीने एक दिवस आधीच उतरले, हे ऐकून आपणा बेटवासीयांना हसू येईल.

शटल यानांचा काळ जुलै २०११ मध्ये १३५ व्या फेरीबरोबर संपला. कल्पनेच्या नावाने भारताने आपल्या हवामान उपग्रहाला कल्पना-१ असे नाव दिले. तोही कित्येक वर्षे हिंदी महासागरावरचे ढग पाहून आता निवृत्त झाला आहे. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला अवकाशस्थानकात राहून आले. तेव्हा आमच्या वर्गातील मुलांनी दोन रकान्यांची वही घातली, एक तिकडच्या वेळेचा आणि एक इकडच्या वेळेचा. आम्ही त्यात एक तिसरा रकाना आखावयास सांगितले: "काही वेगळे दिसले काय?"

एका मुलाने त्या रकान्यात लिहिले, "गुरुजी, तुम्ही फळ्यावर कालची तारीख लिहिली आहे." आम्ही उठलो, तारीख दुरुस्त केली, आणि त्याला शाबासकी दिली.

पालकहो, आपल्या घरचे मूल एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगू लागले, तर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून ऐका. एवढीच विनंती.