जुन्या गाडीचा ऑइल फिल्टर : नाना पेठेतला एक दिवस

सकाळी साडेनऊ

पुण्यात नाना पेठेतली शटरं वर जायच्या आधीच मालाचे टेम्पो रस्त्यात आडवे लागलेले असतात. आमचं दुकान जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं आहे. मारुती ८००, ओम्नी, सुमो, ट्रॅक्स, महिंद्राच्या जीपा, आणि अजूनही अधूनमधून अॅम्बेसेडर. दिवसाचं पहिलं काम म्हणजे काल आलेला माल तपासून मांडणं. ऑइल फिल्टरचं प्रत्येक खोकं मी उघडतोच, सील असलं तरी. रबराची रिंग खाचेत सगळीकडून सारखी बसली आहे का, डबा हलवला तर आत काही खुळखुळतं का, आणि मधल्या आट्यांत पत्र्याचा कीस राहिला आहे का, एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं.

यातल्या किसाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ऑइल फिल्टरमध्ये शिरतं ते कडेच्या बारीक भोकांतून. ते कागदातून गाळलं जातं आणि मधल्या मोठ्या भोकातून इंजिनात जातं. म्हणजे मधल्या आट्यांत कीस अडकलेला असेल तर तो गाळलेल्या ऑइलमध्येच पडतो आणि सरळ क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचतो. वाटेत त्याला अडवायला काहीच उरलेलं नसतं. असा डबा मी बाजूला ठेवतो आणि परत पाठवतो.

साडेदहा

आता काउंटरवर गर्दी. गॅरेजमधली पोरं जुना फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून आणतात आणि म्हणतात, “दादा, असाच द्या.” जुना नमुना आणतात हे चांगलंच, कारण जुनी गाडी चार हातांतून गेलेली असते. मधेच कोणी इंजिन बदललेलं असतं, कोणी अडॅप्टर बसवलेला असतो, आणि आरसी बुकावरचं मॉडेल बघून दिलेला फिल्टर लागेलच असं नाही.

पण “असाच” दिसणारा फिल्टर तोच असेल असंही नाही. बाजारात दोन मापांचे आटे फार चालतात. एक मेट्रिक, २० मिलिमीटर व्यासाचा आणि दीड मिलिमीटर पिचचा. दुसरा इंची, पाऊण इंचाचा आणि इंचाला १६ आट्यांचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक कळतच नाही. इंची स्टडवर मेट्रिक फिल्टर फिरतो, बसतो, हाताला घट्टही लागतो. पण आटे पुरते धरत नाहीत. थंड इंजिन चालू झालं, जाड ऑइलचा दाब चढला, की तो सुटू शकतो. मग सगळं ऑइल रस्त्यावर, आणि दिवा लागलेला ड्रायव्हरच्या लक्षात येईपर्यंत क्रँक जाम. म्हणून काउंटरवर दोन्ही मापांचे दोन स्टड ठेवले आहेत. जुना आणि नवा, दोन्ही फिल्टर त्याच स्टडवर फिरवून दाखवल्याशिवाय मी बिल करत नाही. रांगेतली माणसं कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

आट्यांनंतर रिंगचा व्यास, मग उंची. उंचीत थोडी सूट चालते, खाली चेसिसला किंवा एक्झॉस्टला लागत नसेल तर. आटे आणि रिंग मात्र तंतोतंत हवेत.

बारा

ऊन चढलं की गर्दी ओसरते. या वेळेत मी मागच्या बाकावर फिल्टर कापतो. नवीन कंपनीचा माल दुकानात ठेवायचा असेल तर आधी एक डबा कापून बघायचा, हा माझा शिरस्ता आहे. हॅकसॉने कापला तरी चालतं, कटरने कापला तर कडा स्वच्छ निघते.

आज दोन कापले. बाहेरून रंग सोडला तर जुळे, किमतीत पन्नास-साठ रुपयांचा फरक. महाग डब्यात कागदाच्या घड्या दाट आणि सारख्या अंतरावर, रेझिन नीट पक्कं झालेलं, दोन्ही टोकं टोपीला अखंड चिकटवलेली, कागदाची जोडणी सरळ. स्वस्तातल्यात घड्या निम्म्याच, त्याही एका बाजूला गोळा झालेल्या. जोडणीजवळ डिंक सुटलेला, तिथून नख आत गेलं. ऑइल नेहमी सोपी वाट धरतं. ती फट असेल तर कागद कितीही बारीक असला तरी उपयोग नाही.

“२० मायक्रॉन” असं डब्यावर छापलेलं असतं त्याने गिऱ्हाईक भारावतं. त्या मापाचे शंभरातले किती कण अडतात ते सांगितलेलं नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. पन्नास टक्के अडवणाराही २० मायक्रॉनचा आणि अठ्ठ्याण्णव टक्के अडवणाराही. यासाठीची चाचणी म्हणजे आयएसओ ४५४८ भाग १२. त्यात धूळ मिसळलेलं ऑइल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवून हेच मोजतात. जी कंपनी टक्केवारीसकट आकडा देते, तिचा माल मी आधी मागवतो.

मग दोन झडपा. एक बायपासची, स्प्रिंगवर बसलेली. कागद तुंबला किंवा ऑइल गारठून जाड झालं, की ही उघडते आणि न गाळलेलं का होईना, ऑइल इंजिनाला मिळतं. इंजिनाला मळकं ऑइल काही काळ चालतं, कोरडं अजिबात चालत नाही. स्वस्त डब्यातली स्प्रिंग बोटाने दाबली तर सहज दबली. ही झडप नेहमीच अर्धवट उघडी राहणार, म्हणजे फिल्टर असून नसल्यासारखा. काही इंजिनांत बायपास फिल्टरमध्ये नसतोच, ब्लॉकमध्ये असतो. त्यामुळे आटे जुळले म्हणून कुठलाही डबा लावू नये, पार्ट नंबर जुळायला हवा.

दुसरी झडप ऑइल परत चेंबरमध्ये उतरू न देणारी रबराची चकती. चांगल्या डब्यात ती मऊ होती, पिळून सोडली की मूळ आकारात आली. दुसऱ्यात कडक, कडेला मुरडलेली. सिलिकॉन उष्णतेत वर्षभर लवचिक राहतं, साधं काळं नायट्राइल रबर हळूहळू कडक होतं. सिलिकॉन बहुतेक नारिंगी किंवा लाल असतं, पण नुसता रंग बघून विश्वास ठेवू नये, रंग कशालाही देता येतो.

स्वस्तातला डबा मी मागवणार नाही.

दीड

डबा. जेवणाचा.

तीन

निवृत्त काका आले. मारुती ८००, नुकतंच पासिंग करून घेतलेली. ही गाडी १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत बंद झाली, म्हणजे यातली सगळ्यात तरुण गाडीही आता दहा वर्षांपलीकडची. ओम्नीलाही तेच ७९६ सीसीचं इंजिन, म्हणून फिल्टर गल्लोगल्ली मिळतो. आणि जे गल्लोगल्ली खपतं त्याचीच नक्कल जास्त होते.

काकांची तक्रार : “सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद खडखडते, मग गप्प. मिस्त्री म्हणतो इंजिन काम मागतंय.”

मी विचारलं, “दुपारी लगेच परत स्टार्ट केली तर?”

“तेव्हा नाही.”

मग इंजिन खोलण्याआधी फिल्टर बघा, म्हटलं. रबराची चकती कडक झाली असेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंप आधी डबा भरतो आणि मग वर ऑइल पोचतं, तेवढा वेळ टॅपेट कोरडे वाजतात. नव्या इंजिनात हे खपून जातं. झिजलेल्या बेअरिंगला मात्र रोज सकाळचे ते दोन सेकंद फार महागात पडतात. जुन्या गाडीला चांगला फिल्टर हवा तो यासाठी. फिल्टर बदलूनही आवाज राहिला तर मिस्त्रीचं ऐका.

काकांना सर्वांत महागडा फिल्टर हवा होता, “म्हणजे दोन वर्षं बघायला नको.” मी दिला नाही. जुन्या इंजिनात रिंगा झिजलेल्या असतात, जळका धूर ऑइलमध्ये जास्त उतरतो, गाळ लवकर साठतो. मध्यम किमतीचा खात्रीचा फिल्टर आणि ऑइल पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलणं, हेच बरं. गाडी कमी फिरते म्हणून वर्ष टाळू नये. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि आत ओल साचते.

कोणीतरी त्यांना फ्लशिंग सुचवलं होतं. मी हात जोडले. वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ एकदम सुटला तर तो चेंबरमधल्या जाळीवर बसतो. ती जाळी पंपाच्या आधी असते, तिथे फिल्टर काही करू शकत नाही. त्यापेक्षा हा फिल्टर हजार-दीड हजार किलोमीटरलाच बदला, गाळ हळूहळू निघू दे.

पाच

सासवडहून मिस्त्रीचा फोन. वडापची डिझेल जीप, ऑइल दोन दिवसांत काळं पडतंय, फिल्टर खोटा निघाला का? डिझेलची काजळी एका मायक्रॉनहून बारीक असते, ती कागदातून जाणारच. ऑइल काळं झालं म्हणून फिल्टर वाईट ठरत नाही. जुना कापून घड्यांत चकाकणारा कीस दिसतो का ते बघा, असं सांगितलं. तसा दिसला तर प्रश्न बेअरिंगचा आहे.

तेवढ्यात अॅम्बेसेडरवाले आले, १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनाची गाडी. याला डबा फिरवून बसत नाही. वाटीत एलिमेंट आणि लांब बोल्ट. गळती होतेय म्हणाले. जुनी रबर रिंग खाचेतून काढली का, विचारलं. वर्षानुवर्षं दबून ती खाचेचाच भाग वाटते, आणि तिच्यावरच नवी बसवली की गळती ठरलेली. टाचणीने उकरून काढायची, खाच पुसायची, मग नवी. डब्याच्या फिल्टरलाही हेच लागू : जुनी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना ते बघायचं, नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. पाना फक्त काढायला.

साडेसात

हिशेब करताना एक एजंट आला. खोकं नामांकित कंपनीचं, होलोग्रामसकट, आतला माल “तसाच”, निम्म्या भावात. त्याला दारातूनच परत पाठवलं. वडापवाल्याची जीप दिवसभर माणसं वाहते, काकांकडे इंजिन बांधायला पैसे नाहीत. त्यांच्या गाडीत मी हा डबा जाऊ देणार नाही.

उद्याच्या ऑर्डरीत ओम्नीचे फिल्टर वाढवले. अॅम्बेसेडरची एलिमेंटं रिंगसकटच पाठवा, असं खाली लिहिलं.