गाल फुगवा, दात दाखवा

“भुवया वर करा. डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. आता गाल फुगवा.”

कानाखालच्या लाळग्रंथीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला वॉर्डात ‘दुखतंय का?’ हा प्रश्न नंतर विचारतात. आधी हे चार हुकूम. माझे मामा भुलीच्या गुंगीत होते तेव्हाच रेसिडेंट डॉक्टरांनी ते सोडायला सुरुवात केली. मग राउंडला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा. संध्याकाळपर्यंत शेजारच्या खाटेवरचे काका, ज्यांचं ऑपरेशन हर्नियाचं होतं, तेही मामांसोबत गाल फुगवू लागले.

या कवायतीचं कारण ग्रंथीच्या जागेत आहे. कानाच्या पुढे आणि खाली असते ती पॅरोटिड ग्रंथी; गालगुंड झाल्यावर सुजते ती हीच. चेहरा हलवणारी नस कवटीतून बाहेर पडते ती थेट या ग्रंथीत शिरते आणि तिथेच तिच्या पाच शाखा होतात. एक कपाळाकडे, एक डोळ्याकडे, एक गालाकडे, एक खालच्या ओठाकडे, एक मानेकडे. या ग्रंथीत झालेली गाठ काढायला अडीच-तीन तास का लागतात, हे त्यामुळे कळतं. सर्जनचा बराचसा वेळ नस शोधण्यात आणि एकेका शाखेवरून ग्रंथी अलगद सोडवण्यात जातो.

मामांची गाठ पहिल्यांदा लक्षात आली ती न्हाव्याच्या. सुपारीएवढी, न दुखणारी. दुखत नाही म्हटल्यावर आपल्याकडे जे होतं तेच झालं, ती तशीच राहिली. पुढे सोनोग्राफी झाली, सुईने पाणी काढून तपासलं. साधी गाठ, कॅन्सरची नाही. पॅरोटिडमधल्या साधारण पाचातल्या चार गाठी अशा साध्याच असतात. “साधी आहे तर चेहऱ्यावर सुरी कशाला?” हा मामींचा प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर असं की ही जात हळूहळू वाढत राहते आणि बऱ्याच वर्षांनी काहींमध्ये कॅन्सर होतो. शिवाय नुसती गाठ कोरून काढली तर ती पुन्हा येण्याचा धोका मोठा, म्हणून भोवतालच्या निरोगी ग्रंथीसकट काढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दात दाखवले आणि ओठ एका बाजूला ओढला गेला. उजवीकडचा खालचा ओठ खाली यायलाच तयार नव्हता. मामींच्या डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, नस शाबूत आहे, हाताळल्यामुळे दमली आहे. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत येईल जागेवर. ऑपरेशनच्या वेळी नस डोळ्यांनी पाहिलेली असली की सर्जनला हे छातीठोकपणे सांगता येतं. मात्र हेच वाक्य आदल्या दिवशी मामींच्या कानावर गेलं असतं, तर ती सकाळ वेगळी गेली असती. सहीच्या कागदावर ‘चेहऱ्याच्या नसेला इजा’ असं छापलेलं होतं. त्याचा अर्थ तोंड वाकडं दिसणं, गुळणी करताना पाणी ओघळणं, हे कागद सांगत नाही.

ओठापेक्षा डोळ्याची काळजी मोठी. समोरच्या खाटेवरच्या बाईंची पापणी पूर्ण मिटत नव्हती. पापणी मिटली नाही की बुबुळ कोरडं पडतं, त्यावर जखम होऊ शकते आणि नजर धोक्यात येते. सिस्टर त्यांना दिवसा थेंब घालायच्या. रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद करायच्या. त्यांचा मुलगा मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होता, घरी गेल्यावर तेच करायचं म्हणून. हुशार मुलगा.

ड्रेन हा वॉर्डातला दुसरा नायक. जखमेतून निघालेली बारीक नळी चुण्यांच्या प्लास्टिकच्या डबीला जोडलेली असते. डबी दाबून आतली हवा काढून झाकण लावलं की ती जखमेतलं रक्त-पाणी ओढत राहते. सिस्टर रोज मोजून कागदावर मिली लिहायच्या, डबी रिकामी करायच्या, पुन्हा दाबून लावायच्या. डबी फुगलेली राहिली म्हणजे ओढ संपली, हे नातेवाइकांनाही ओळखता येतं. पहिल्या दिवशी लाल, मग फिकट गुलाबी, मग पिवळसर. आमच्या वॉर्डात २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की नळी निघायची. प्रत्येक सर्जनचा आकडा थोडा वेगळा असतो. यात घाबरण्यासारखं एकच. पहिल्या दिवसा-दीड दिवसात ताजं रक्त भराभर येऊ लागलं, किंवा गाल-मान अचानक टणक सुजली, तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. सिस्टरना तेव्हाच उठवायचं. अशा रुग्णाला कधी कधी पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं.

घरी आल्यावरच्या तक्रारी वेगळ्या. मामांच्या कानाची पाळी बधिर झाली होती, कारण कानाला संवेदना देणारी नस ऑपरेशनच्या वाटेतच येते आणि पुष्कळदा तिच्या फांद्या कापाव्या लागतात. दाढी करताना रक्त आलं ते त्यांना आरशात दिसलं, जाणवलं नाही. बायकांना कानातलं घालताना हाच अनुभव येतो. बधिरपणाचा पट्टा वर्षभरात आक्रसत जातो, थोडा कायमचाही राहतो. चेहऱ्याच्या हालचालीशी त्याचा संबंध नाही, पण घरोघरी दोन्हींची गल्लत होते.

जबडा आखडलेला असल्याने सुरुवातीला खिमट, वरण-भात, लापशी. लिंबू-चिंच काही दिवस बंद. आंबटाने लाळ सुटते, आणि उरलेल्या ग्रंथीतली लाळ जखमेत साचू शकते. आठवड्या-दोन आठवड्यांनी जेवताना कानाखाली मऊ फुगवटा आला तर बहुधा तीच असते. सुईने काढून घट्ट पट्टी बांधतात. एकदोनदा पुन्हा भरते, मग आटते. “आता तोंड कोरडं पडणार का?” असं सगळेच विचारतात. एक ग्रंथी गेल्याने सहसा पडत नाही. मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत आणि तोंडभर शेकडो बारीक ग्रंथी. कोरड पडते ती मुख्यतः ऑपरेशननंतर रेडिएशन घ्यावं लागलं तर.

याच वॉर्डात जबड्याखालच्या लाळग्रंथीचेही रुग्ण असतात; ती काढतात ती बऱ्याचदा खड्यांमुळे. तिथे जपायच्या नसा निराळ्या: खालच्या ओठाची, जिभेच्या संवेदनेची आणि जीभ हलवणारी. म्हणून तिथल्या रुग्णाला ‘जीभ बाहेर काढा’ असाही हुकूम सुटतो.

सगळ्यात विचित्र प्रकार काही महिन्यांनी सुरू होतो. ओठ सरळ झालेला, व्रण पुसट झालेला, आणि एके दिवशी कैरीच्या लोणच्याची फोड तोंडात टाकताच कानापुढचा गाल लाल होऊन घामाने डबडबतो. मामांना वाटलं जखम फुटली. प्रत्यक्षात ग्रंथीला लाळ सोडण्याचा निरोप देणारे कापले गेलेले तंतू पुन्हा वाढताना चुकून त्वचेतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. खाण्याचा निरोप निघतो आणि घाम येतो. पोलंडच्या डॉक्टर लुसिया फ्राय यांनी १९२३ साली हे नीट उलगडून लिहिलं, म्हणून याला फ्राय सिंड्रोम म्हणतात. त्या ज्यू होत्या. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातल्या ल्वूवमध्ये त्यांचा अंत झाला. तपासणीची रीत मजेशीर आहे: गालाला आयोडीन लावून वर स्टार्चची पूड भुरभुरायची आणि लिंबू चोखायला द्यायचं. घाम येईल तिथे गाल निळा-काळा होतो. धोका काही नाही. चारचौघांत फार त्रास झाला तर बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, त्यांचा परिणाम काही महिने टिकतो. मामा पंगतीत रुमाल घेऊन बसतात आणि लोणचं सोडत नाहीत.

या गाठी दहा-पंधरा वर्षांनीही परतू शकतात. तेव्हाच्या डॉक्टरांना लागतो तो जुना पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि ऑपरेशनची नोंद, म्हणजे गाठ कुठली होती आणि नसेचं काय केलं होतं ते. डिस्चार्जच्या वेळी बिलाची पावती सगळे मागतात. हे दोन कागदही मागून घ्या, आणि त्यांचे फोटो घरातल्या आणखी कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवा.