थरची मरुभूमी : खडीन आणि बदलते पर्जन्यमान

मरुभूमी म्हणजे केवळ पर्जन्याचा अभाव, ही समजूत थरच्या बाबतीत आता अपुरी ठरते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्पधारणशक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस एकदम कोसळण्याचा संभव वाढतो, आणि मधल्या काळात जमीन अधिक लवकर सुकते. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात वर्षाच्या सरासरीहून अधिक पाऊस काही दिवसांतच झाला. कवास गावाखालील जिप्समच्या थरामुळे पाणी मुरले नाही व दीर्घकाळ साचून राहिले. (या एकाच घटनेला तापमानवाढीचा पुरावा मानणे अर्थात योग्य नव्हे.)

या दृष्टीने जैसलमेरचे खडीन विचारार्ह आहे. पालीवालांच्या नावाशी निगडित असलेल्या या जुन्या पद्धतीत खडकाळ उतारावरून वाहणारे पाणी सखल भागात मातीच्या बांधाने अडवितात व ते मुरले की त्या ओलीवर गहू, हरभरा पेरतात. आपल्याकडील शेततळ्यात पाणी उघडे राहते. येथे साठवण मातीच्या पोटात होते. संभाव्य बाष्पीभवन पर्जन्याच्या अनेक पट असणाऱ्या प्रदेशात हा भेद लहान नव्हे.

तथापि जुने ते सर्व पुरेसे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. सांडवा जुन्या पावसाच्या अंदाजाने बांधलेला असतो. बांध फुटला की त्या वर्षीची ओल गेलीच. सांडवे रुंद करणे तुलनेने सोपे. वरच्या अंगाची पाणलोटाची जमीन मोकळी राखणे मात्र कठीण, कारण महसुली दप्तरात ती बहुधा 'पडीक' असते, आणि जैसलमेर परिसरात अशा जमिनींवर सौरऊर्जेचे प्रकल्प उभे राहत आहेत. तेथे उतार सपाट केला गेला, तर खालच्या खडीनाचे पाणी तुटते.