दोन वर्षांचं मूल खेळणी देत नाही, म्हणजे ते हट्टी आहे का?

प्लेग्रुपमधून ‘तुमचा मुलगा शेअर करत नाही’ अशी तक्रार आली की आईबाबा ओशाळतात. खरं तर दोन वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षाच अवाजवी आहे. या वयात मुलं एकमेकांसोबत कमी, एकमेकांशेजारी जास्त खेळतात. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्येच याला ‘समांतर खेळ’ म्हटलं होतं. ‘माझं’ हा शब्द नुकताच कळलेला असतो; दिलेली वस्तू परत मिळते, हे अजून कळायचं असतं. आपली पाळी येईपर्यंत थांबणं साधारण तीन-साडेतीन वर्षांपासून जमू लागतं. तोवर सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या ठेवल्या तरी निम्मी भांडणं टळतात. जबरदस्तीने म्हणायला लावलेल्या ‘सॉरी’ने मात्र मोठ्यांचंच समाधान होतं. चावणंही या वयात नेहमीचंच, कारण सांगायला शब्द अपुरे पडतात. अशा वेळी लगेच थांबवावं, ‘चावायचं नाही, त्याला दुखतं’ एवढंच सांगावं आणि आधी ज्याला चावलं त्या मुलाकडे बघावं.