वॉर (इंग्रजी शब्द)

'वॉर' हा सशस्त्र संघर्ष या अर्थाचा इंग्रजी भाषेतील शब्द आहे. मराठीत त्यासाठी सामान्यतः 'युद्ध' हा शब्द वापरला जातो. दोन राष्ट्रांच्या, किंवा एकाच राष्ट्रातील दोन पक्षांच्या, सैन्यांमध्ये काही काळ चालणारा संघर्ष हा त्याचा मुख्य अर्थ होय. मात्र राजकारण, कायदा, विमा आणि दैनंदिन व्यवहार या क्षेत्रांत या शब्दाची व्याप्ती सारखी नाही. एखाद्या संघर्षाला 'वॉर' म्हणावे की नाही, यावर पकडलेल्या सैनिकांचे हक्क, नुकसानभरपाई आणि आरोपीची शिक्षाही अवलंबून राहू शकते.

व्युत्पत्ती

'वॉर' हा मूळचा इंग्रजी शब्द नाही. प्राचीन इंग्रजीत युद्धासाठी 'विग', 'गूथ', 'हिल्ड' असे अनेक शब्द होते. ते कालौघात लुप्त झाले. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर उत्तर फ्रान्सच्या बोलीतील 'वेर' हा शब्द इंग्रजीत रुळला. बाराव्या शतकाच्या मध्यास लिहिल्या गेलेल्या 'पीटरबरो क्रॉनिकल' या बखरीत तो आढळतो.

फ्रेंच शब्दाचे मूळ जर्मानिक भाषाकुलातील 'वेर्रा' या शब्दात आहे. त्याचा अर्थ गोंधळ, कलह किंवा बेबनाव असा होता. गोंधळात टाकणे या अर्थाचे आजचे जर्मन क्रियापद 'फेरविरेन' याच मुळाशी संबंधित आहे. जर्मन भाषेत युद्धाला मात्र 'क्रीग' हा वेगळा शब्द आहे. उत्तर फ्रान्सच्या बोलीत टिकून राहिलेला आरंभीचा 'व' प्रमाण फ्रेंचमध्ये 'ग' झाला आणि 'गेर' हे रूप तयार झाले. स्पॅनिश व इटालियन भाषांतील 'गेर्रा' हा शब्दही याच मुळाचा आहे. 'गेर्रा'चे लघुत्वदर्शक रूप म्हणजे 'गेरिया', अर्थात लहान युद्ध. नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध १८०८ ते १८१४ या काळात स्पेनमध्ये झालेल्या संघर्षातून हा शब्द इंग्रजीत 'गुरिला' म्हणून गेला. मराठीत त्यासाठी 'गनिमी कावा' ही संज्ञा योजली जाते.

युद्धवाचक लॅटिन 'बेल्लम' या शब्दापासून इंग्रजीत 'बेलिजरंट' (युद्धमान), 'रेबेल' (बंडखोर) इत्यादी शब्द आले. उच्चारसाम्य असले, तरी 'वॉर्ड', 'वॉरंट' आणि 'वॉरंटी' हे शब्द 'वॉर'पासून बनलेले नाहीत.

मुख्य अर्थ आणि जवळचे शब्द

इंग्रजीत 'वॉर', 'कॅम्पेन' आणि 'बॅटल' यांत भेद केला जातो. 'वॉर' म्हणजे संपूर्ण संघर्ष, 'कॅम्पेन' म्हणजे त्यातील एखादी मोहीम, तर 'बॅटल' म्हणजे विशिष्ट ठिकाणी झालेली एक लढाई. उदाहरणार्थ, दुसरे इंग्रज–मराठा युद्ध (१८०३–१८०५) हे 'वॉर' होते; असई, लासवारी आणि अडगाव येथे १८०३ मध्ये झालेल्या लढाया या त्यातील 'बॅटल' होत. मराठीत हा भेद तितक्या काटेकोरपणे पाळला जात नाही. १७६१ मधील पानिपतच्या संघर्षाला 'लढाई' आणि 'युद्ध' असे दोन्ही म्हटले जाते.

'सिव्हिल वॉर' ही संज्ञा लॅटिनमधील 'नागरिकांमधील युद्ध' या कल्पनेवरून आली आहे. मराठीत तिला 'गृहयुद्ध' किंवा 'यादवी युद्ध' म्हणतात. 'यादवी' या शब्दामागे प्रभासक्षेत्री यादवांनी आपसांत लढून केलेल्या कुलनाशाची कथा असल्याने मराठी संज्ञेत भाऊबंदकीची छटा अधिक गडद आहे. 'कोल्ड वॉर' (शीतयुद्ध) ही संज्ञा जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४५ मधील एका लेखात वापरली होती. पुढे वॉल्टर लिपमन यांच्या १९४७ मधील पुस्तकामुळे ती सर्वतोमुखी झाली.

नामकरणाचे राजकारण

एकाच घटनेला 'वॉर' म्हणावे की अन्य काही, हा अनेकदा वादाचा विषय ठरला आहे. १८५७ च्या संघर्षाला ब्रिटिश लेखकांनी 'म्यूटिनी', म्हणजे शिपायांचे बंड, असे संबोधले. वि. दा. सावरकर यांनी मूळ मराठीत लिहिलेल्या आणि १९०९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या शीर्षकात मात्र 'वॉर ऑफ इंडिपेंडन्स' (स्वातंत्र्यसमर) हे शब्द आहेत. बंड हे कायदेशीर सत्तेविरुद्ध असते, तर 'वॉर'मध्ये दोन्ही पक्ष बरोबरीचे मानले जातात. त्यामुळे हा शब्दभेद म्हणजे राज्य करण्याच्या अधिकारासंबंधीचा मतभेदच होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१–१८६५) बाबतीतही केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या अधिकृत कागदपत्रांच्या शीर्षकात 'रिबेलियन' (बंडाळी) हा शब्द होता, तर दक्षिणेकडील राज्यांत 'राज्याराज्यांमधील युद्ध' हे नाव प्रचलित झाले.

विसाव्या शतकात सरकारांनी हा शब्द टाळल्याची अनेक उदाहरणे आढळतात. जपानने १९३७ मध्ये चीनवर केलेल्या आक्रमणाला जपानी सरकार 'घटना' म्हणत असे. मलायातील १९४८ ते १९६० या काळातील संघर्षाला ब्रिटनने 'इमर्जन्सी' (आणीबाणी) असे नाव दिले. युद्ध म्हटल्यास रबराचे मळे आणि कथलाच्या खाणी यांच्या मालकांना विम्याची भरपाई मिळाली नसती, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. कोरियातील १९५० च्या संघर्षाचे वर्णन अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी 'पोलीस ॲक्शन' असे मान्य केले होते. अमेरिकेच्या काँग्रेसने युद्धाची औपचारिक घोषणा शेवटची केली ती १९४२ मध्ये. व्हिएतनाम व इराक येथील युद्धे अशा घोषणेशिवाय लढली गेली. युक्रेनवरील २०२२ च्या आक्रमणाला रशियाच्या सरकारने 'विशेष लष्करी कारवाई' असे नाव दिले.

सरकारी खात्यांच्या नावांतही हा बदल दिसतो. अमेरिकेत १७८९ पासून असलेले 'वॉर डिपार्टमेंट' १९४७ मध्ये संपुष्टात आले आणि १९४९ पासून 'डिफेन्स' (संरक्षण) हा शब्द खात्याच्या नावात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांच्या आदेशाने जुने नाव दुय्यम नाव म्हणून पुन्हा वापरात आणले गेले. ब्रिटनचे 'वॉर ऑफिस' १९६४ मध्ये संरक्षण मंत्रालयात विलीन झाले.

कायद्यातील अर्थ

संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेच्या प्रास्ताविकेत 'वॉर' हा शब्द आहे. परंतु राष्ट्रांवर बंधन घालणाऱ्या दुसऱ्या अनुच्छेदात 'बळाचा वापर' अशी अधिक व्यापक शब्दयोजना आहे. केवळ 'हे युद्ध नव्हे' असे म्हणून कोणासही बंधनातून सुटता येऊ नये, हा अशा शब्दयोजनेचा परिणाम होय. १९४९ चे जिनिव्हा करारही घोषित युद्धाबरोबर 'अन्य कोणत्याही सशस्त्र संघर्षाला' लागू होतात. तथापि युद्धकैदी हा दर्जा राष्ट्राराष्ट्रांमधील संघर्षातच मिळतो. देशांतर्गत संघर्षात करारांच्या समान तिसऱ्या अनुच्छेदातील किमान संरक्षण लागू होते.

न्यायालयांनी या शब्दाचा अर्थ संदर्भानुसार निरनिराळा लावला आहे. सप्टेंबर १९७० मध्ये पॅलेस्टिनी संघटनेच्या सदस्यांनी पॅन ॲम कंपनीच्या विमानाचे अपहरण करून ते कैरो येथे स्फोटाने नष्ट केले. युद्धामुळे झालेली हानी पॉलिसीतून वगळली असल्याने विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली. युद्ध हे सार्वभौम किंवा तत्सम सत्तांमध्येच होऊ शकते, असे सांगून अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला.

भारतात याउलट अर्थ स्वीकारला गेला. भारतीय दंड संहितेच्या कलम १२१ मध्ये (आता भारतीय न्याय संहितेचे कलम १४७) सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे, म्हणजे 'वेजिंग वॉर', हा गुन्हा आहे. येथील 'वॉर' म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्यातील दोन देशांचे युद्ध नव्हे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात २००५ मध्ये घेतली. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबची याच कलमाखालील दोषसिद्धी आणि फाशीची शिक्षा न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कायम केली.

लाक्षणिक वापर

एखाद्या सामाजिक समस्येविरुद्धच्या मोहिमेलाही 'वॉर' म्हटले जाते. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ मध्ये दारिद्र्याविरुद्ध 'वॉर' जाहीर केले. रिचर्ड निक्सन यांच्या १९७१ मधील अमली पदार्थविरोधी मोहिमेलाही पुढे हेच नाव पडले. अशा 'युद्धात' शरण येणारा शत्रू किंवा तह नसल्याने त्याचा शेवट केव्हा झाला हे ठरवणे कठीण जाते, अशी टीका केली जाते. २००१ नंतरच्या 'वॉर ऑन टेरर' या संज्ञेवरही हा आक्षेप घेतला गेला. तेथे तो अधिक गंभीर ठरला, कारण या प्रयोगामागे प्रत्यक्ष सैन्य आणि कैदीही होते.

मराठीतील वापर

मराठीत 'वॉर' हा शब्द प्रामुख्याने जोडशब्दांतून आला. मुंबईतील गुन्हेगारी टोळ्यांच्या संघर्षासाठी वृत्तपत्रांनी 'गँगवॉर' हा शब्द रूढ केला. कोविड साथीच्या काळात, २०२० मध्ये, रुग्णांना खाटा मिळवून देण्यासाठी मुंबई महानगरपालिकेने उघडलेल्या प्रभागनिहाय कक्षांना 'वॉर्ड वॉर रूम' असे नाव होते. 'वॉर फूटिंग' या प्रयोगावरून घडलेला 'युद्धपातळीवर' हा शब्द रस्तेदुरुस्तीपासून मदतकार्यापर्यंत कोणत्याही तातडीच्या कामासाठी वापरला जातो.

भाषांतर करताना प्रत्येक ठिकाणी 'युद्ध' हा एकच प्रतिशब्द पुरेसा पडत नाही. 'प्राइस वॉर'साठी 'दरयुद्ध' रूढ आहे, तर सामाजिक मोहिमेच्या अर्थी 'लढा' हा शब्द अधिक स्वाभाविक वाटतो. कायदेविषयक मजकुरात 'युद्ध' आणि 'सशस्त्र संघर्ष' या संज्ञांची अदलाबदल केल्यास मूळ अर्थ बदलू शकतो.

हेही पाहा

युद्ध
शीतयुद्ध
गनिमी कावा
जिनिव्हा करार
१८५७ चा उठाव