तंजावर : दोन राजांच्या भिंती

तंजावरला मी पहिल्यांदा गेलो तो बहुतेक मराठी माणसे जातात त्याच ओढीने. बृहदीश्वराच्या आवारात शिरलो, नैर्ऋत्येकडच्या ओवरीत देवनागरीत कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास शोधला, चार ओळी लावल्या, ऊर भरून आला आणि परतलो. हजार वर्षांच्या देवळात मी पाहिले ते दोनशे वर्षांपूर्वीचे आपले अक्षर. दुसऱ्या खेपेस ठरवले, शहर पायी पाहायचे आणि तो लेख सर्वांत शेवटी वाचायचा.

सुरुवात राजवाड्यापासून केली. वाडा मूळचा नायकांचा; मराठ्यांनी तो वाढवला. इथल्या कलादालनात चोळकालीन पंचधातूच्या मूर्ती आहेत. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिला मातीचा लेप द्यायचा, भट्टीत मेण वितळून गेले की पोकळीत धातूचा रस ओतायचा. मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक. यांतल्या अनेक मूर्ती उत्सवात मिरवायच्या. वस्त्रे आणि हार यांतून भाविकाला दिसे तो बहुधा मुखवटाच. कंबरेचा बाक, बोटांची ठेवण आपल्याला दिसते ती संग्रहालयात. पण इथे तिला ना पालखी, ना वाद्ये. या देण्याघेण्यात काय मिळाले आणि काय गेले, याचा हिशेब मला अजून मांडता आलेला नाही.

त्याच वाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायकांच्या काळापासूनच्या या संग्रहाला खरे वैभव आणले दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७९८–१८३२). संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखिते इथे एका छपराखाली नांदतात. शहाजी राजांची मराठी नाटके तंजावरचीच. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभे केले, त्याच्या दीडएकशे वर्षे आधीची. आणि मोडीतली दप्तरे हजारोंनी आहेत. मोडी वाचणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत, तंजावरात आणि पुण्यातही.

तिथून देवळाकडे चालत वीस-पंचवीस मिनिटे लागतात. देवळाला लागूनच शिवगंगा बागेजवळ १७७९ साली बांधलेले एक चर्च आहे. आत जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने संगमरवरात कोरलेला प्रसंग दिसतो : मिशनरी श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत आणि त्यांचा शिष्य सरफोजी शेजारी उभा आहे. मराठा राजा, जर्मन गुरू, इंग्रज शिल्पी, आणि हाकेच्या अंतरावर चोळांचे शिवालय.

मग देऊळ. राजराज चोळाने ते १०१० च्या सुमारास पुरे केले. बांधकाम ग्रॅनाइटचे, हा दगड छिन्नीला सहजी दाद देत नाही. तरीही भिंती तमिळ लेखांनी भरलेल्या आहेत : कोणी किती सोने दिले, दिव्याच्या तुपासाठी किती गुरे नेमली. त्यांतला एक लेख समजून घेतला आणि मी थबकलो. राज्यभरातल्या देवळांतून आणलेल्या सुमारे ४०० नर्तकींची ती यादी आहे. प्रत्येकीचे नाव, ती मूळ कोणत्या देवळातली, आता कोणत्या रस्त्यावर कितव्या घरात राहते आणि वर्षाला तिला १०० कलम भात. त्या स्वखुशीने आल्या की राजाज्ञेने, हे भिंत सांगत नाही. नाव आणि पत्ता तेवढा सांगते.

गाभाऱ्याभोवतीच्या बोळात एका थराखाली दुसरा इतिहास आहे. १९३१ साली गोविंदस्वामी या अभ्यासकाला नायककालीन चित्रांचे पोपडे निघालेल्या जागी खालची चोळ चित्रे दिसली. तो बोळ सामान्यांना खुला नसतो. आवारातल्या पुरातत्त्व विभागाच्या दालनात त्यांच्या प्रतिमांवर समाधान मानावे लागते.

ऊन कलल्यावर मराठी लेखापाशी आलो. तो कोरला गेला १८०३ साली. त्याआधी चारच वर्षे, १७९९ च्या तहाने, सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीकडे सोपवला होता. हाती उरला किल्ला आणि भोवतालचा थोडा टापू. सत्ता गेल्यावर राजाने वंशाची कथा दगडात घातली, आणि त्यासाठी भिंत निवडली ती आठशे वर्षे टिकून राहिलेली. १८५५ साली उरलेसुरले राज्यही खालसा झाले. लेख राहिला.

पहिल्या खेपेस मला हा विजयस्तंभ वाटला होता. दिवसभर चालून आल्यावर तो एका हरलेल्या, पण शहाण्या माणसाने भावी वाचकासाठी ठेवलेला कागद वाटला. माझा अभिमान कमी झाला नाही. त्याला शेजार मिळाला. तंजावरला जाणाऱ्या मराठी वाचकाला एवढेच सांगेन : आपला लेख जरूर वाचा, पण आधी त्या चारशे जणींच्या भिंतीपाशी थांबा.