सालीसकट शिजलेला दाणा

उकडा तांदूळ दोनदा शिजतो. एकदा सालीसकट, भात असताना, आणि दुसऱ्यांदा चुलीवरच्या टोपात, पेज होताना. दुसरं शिजणं सगळ्यांना ठाऊक आहे. पहिलं मात्र आता कारखान्यांकडे गेलंय. दुकानातून पिशवी आणणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. सिंधुदुर्गात काही घरं अजून आपल्या वर्षभराच्या पेजेचं भात आपल्याच खळ्यात उकडतात. कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत, ओळखीच्या काकींच्या घरी, ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. आरोग्यासाठी काय खावं याची एवढी चर्चा आपण करतो. त्या चर्चेत हा तांदूळ फारसा येत नाही, आणि तो यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

दिवस मार्चअखेरचे होते. पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करायची, तिची सुरुवात भातापासून. काकींनी कणगीतून भात काढलं, सुपाने पाखडलं आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाणी तापायला ठेवलं. पाणी कडत झालं, पण उकळी फुटायच्या आत भात आत गेलं. पोचट दाणे लगेच वर आले. ते झाऱ्याने काढून कोंबड्यांना टाकले. हंड्यावर गोणपाट पडलं आणि रात्रभर त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

या भिजण्याचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. पाणी नुसतं थंड घेतलं तर भात दोन-तीन दिवस भिजवावं लागतं, त्यात ते आंबतं आणि तांदळाला शेवटपर्यंत कुबट वास राहतो. बाजारातल्या काही उकड्या तांदळाला येतो तो वास याचाच. कडत पाणी घेतलं की एका रात्रीत दाणा आतपर्यंत ओला होतो आणि आंबायला वेळच मिळत नाही. सकाळी काकींनी हंडा तिरपा करून पाणी काढलं. पिवळसर, गवताच्या वासाचं. मूठभर भात तळव्यावर घेऊन अंगठ्याने एक दाणा दाबला. आतला तांदूळ पांढरा, ठिसूळ लागला नाही, ओलसर दबला. म्हणजे झालं.

मग खरी उकड. हंड्याच्या तळाला चार-पाच बोटं पाणी, वर भिजलेलं भात, त्यावर ओलं गोणपाट आणि झाकण. चुलीत झावळ्यांच्या चुडत्या आणि सोडणं. जाळ सुरुवातीला मोठा लागतो, म्हणून पटकन पेटणाऱ्या चुडत्या आधी, आणि मग धग धरून ठेवायला नारळाची सोडणं. अर्धा-पाऊण तास काहीच दिसत नाही. वास मात्र बदलत जातो. आधी ओल्या पेंढ्याचा, मग शेंगा उकडल्यासारखा, आणि शेवटी चक्क शिजलेल्या भाताचा. वाफ आधी कडेने येते. ती मधूनही गोणपाट फुगवून वर यायला लागली, तशा काकी उठल्या. कालथ्याने वरचा थर बाजूला करून खालचे दाणे काढले आणि माझ्या हातावर ठेवले. चटका बसत होता, पण दिसलं ते नीट दिसलं. दाण्याच्या सालीचे दोन भाग जिथे एकमेकांत अडकलेले असतात, त्या शिवणीवर एक बारीक चीर पडली होती आणि चिरेतून आतला तांदूळ तांबूस दिसत होता. वालय जातीचं भात, लाल तांदळाचं.

"तोंड फुटला की हंडो उतरायचो," त्या म्हणाल्या. आणि खरंच एक क्षणही न दवडता कानांना धरून हंडा उतरवलाही.

हा क्षण न दवडणं फार मोलाचं. चीर पडण्याआधी उतरवलं तर दाण्याच्या पोटात कच्चा पांढरा ठिपका राहतो आणि कांडताना तो तिथेच तुटतो. उशीर झाला तर चीर फाकते, तांदूळ सालीबाहेर फुगतो आणि दाणे एकमेकांना चिकटतात. यातलं काही घड्याळावर चालत नाही. हंडा केवढा, भात नवं की जुनं, जाळ कसा, यावर ते ठरतं, आणि ते ठरवायला तिथे बसलेलं माणूस लागतं.

या वेळात दाण्याच्या आत जे घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. तांदळाचं ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, बहुतेक सगळं बाहेरच्या कोंड्यात आणि टोकाच्या अंकुरात असतं. गिरणीत पॉलिश मारलं की कोंडा आणि अंकुर दोन्ही जातात, आणि पांढऱ्याशुभ्र तांदळात मुख्यतः स्टार्च उरतो. थायमिन पाण्यात विरघळतं. भात सालीसकट भिजतं आणि वाफेवर तापतं, तेव्हा पाण्याबरोबर या जीवनसत्त्वाचा काही भाग कोंड्यातून दाण्याच्या पोटाकडे सरकतो. त्याच उष्णतेने स्टार्च चिकट होतो आणि सुकताना घट्ट बसतो. मग वरून थोडं पॉलिश झालं तरी आत शिरलेलं आतच राहतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत गिरणीतून काढलेल्या उकड्या तांदळातलं थायमिन तशाच सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा साधारण तिप्पट आहे.

हा फरक एके काळी जिवावर बेतला होता. १८९० च्या सुमारास जावा बेटावर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. त्यांना तेव्हा सैनिकी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पॉलिश केलेला तांदूळ मिळत होता. नवा आचारी आला, त्याने सैन्याचा तांदूळ कोंबड्यांना द्यायला नकार दिला, त्यांना साधा कोंड्याचा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. माणसांतल्या बेरीबेरी या रोगाचा उलगडा त्यातून सुरू झाला. १९२९ साली आइकमनना नोबेल मिळालं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मलायातली गोष्ट. तिथे खाणींत काम करणारे चिनी मजूर पांढरा सुरय तांदूळ खात आणि बेरीबेरीने मरत. मळ्यांवरचे तमिळ मजूर मात्र आपल्या सवयीने उकडा तांदूळ खात आणि त्यांच्यात हा रोग क्वचितच दिसे. १९०९ च्या सुमारास फ्रेझर आणि स्टँटन या डॉक्टरांनी रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या दोन गटांना हे दोन तांदूळ वेगवेगळे देऊन पाहिले, तेव्हाही रोग पांढऱ्या तांदळाच्याच गटात आला. त्या तमिळ घरांना थायमिन ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्यांच्याकडे हंडा होता, आणि भात असंच उकडायचं ही पिढ्यांची रीत होती.

हंडा उतरल्यावर सुकवण्याचं काम येतं, आणि पाहणाऱ्याला ते सर्वांत कंटाळवाणं वाटतं. खळं आदल्या दिवशी शेणाने सारवून ठेवलेलं. त्यावर भात पसरलं, सुरुवातीला जाड थरात. घरातल्या मुलीने त्यातून पाय घासत चालत सऱ्या पाडल्या, थोड्या वेळाने त्याच सऱ्या आडव्या मोडल्या. असं दिवसभर. भर दुपारी उन्हाचा ताव वाढला तसं भात गोळा करून पडवीत ढीग घातला, उन्हं कलल्यावर पुन्हा पसरलं. मला आधी ही उगाच केलेली उस्तवार वाटली होती. पण ओला दाणा कडक उन्हात बाहेरून झटकन आकसतो, आत ओला राहतो आणि त्याला तडा जातो. त्या तड्याची पुढे गिरणीत कणी होते. ढिगात घातलं की आतली ओल सावकाश बाहेर येऊन सारखी होते.

सुकलं की नाही हे दात सांगतो. "बाय, दातान फोडून बघ," म्हणत काकींनी दाणा दिला. आदल्या संध्याकाळचा दाणा दाताखाली दबला होता. हा कट्कन वाजला आणि त्याचे दोन स्वच्छ तुकडे झाले.

पूर्वी पुढचं काम व्हायनात मुसळाने होई. काकींच्या पडवीत व्हायन अजून आहे, पण आता त्यात मिरच्या कांडल्या जातात. भात गिरणीवर जातं, आणि त्याचं मला दुःख नाही. घरादाराचं भात कांडून बायकांच्या खांद्यांचे किती हाल झाले, ते ज्यांनी कांडलं त्यांना विचारावं. प्रश्न गिरणीचा नाही, पॉलिशचा आहे. गिरणीवाल्याने सवयीने विचारलं, "पॉलिश मारू?" काकींनी तितक्याच सवयीने सांगितलं, "नको. साल काढ नि सोड." तांदूळ बाहेर पडला तो तांबडा, अंगावर कोंड्याच्या रेघा असलेला, आणि कणी अगदी थोडी.

पेज दुसऱ्या दिवशी झाली. एक वाटी तांदूळ, आठ-दहा वाट्या पाणी, मंद आच, तासाहून जास्त वेळ. मीठ शेवटी. दाणा फुलतो, पण विरघळत नाही, आणि पाणी दाटसर, फिकट गुलाबी होतं. वेळून काही टाकून द्यायचं नाही, हे यातलं मुख्य. भात वेळून पाणी ओतलं की पाण्यात उतरलेलं थायमिनही त्यासोबत जातं, आणि मग आधीची सगळी मेहनत मोरीत गेली. पेजेत ते आपल्या वाटीतच राहतं. सोबत भाजलेली सुकट आणि खारातली तोरं. इथे पेज सकाळच्या कामानंतर दहा-अकराला घेतात, गोव्यातही तीच वेळ. उन्हात घाम गाळून आलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि धान्य एकदम मिळतं. "पेजेन पोट थंड रवता," काकी म्हणाल्या. पहिली वाटी संपल्यावर मलाही ते पटलं.

या तांदळाला औषध मात्र करू नये. उकडल्यामुळे त्यातली साखर रक्तात सुरयपेक्षा काहीशी सावकाश उतरते हे खरं. पण मधुमेह असेल तर प्रमाण मोजावंच लागतं, आणि सोबत डाळ, मासळी, भाजी नसेल तर नुसत्या पेजेवर शरीर पोसत नाही. जुन्या कोकणातली कष्टकरी घरं कित्येकदा नाइलाजाने नुसत्या पेजेवर राहिली. ते दिवस कुणाला परत नकोत.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. घावने, मोदक आणि नैवेद्याला सुरय तांदूळ, ही विभागणी समजण्यासारखी आहे, कारण उकड्याच्या पिठाला मोदकाची पारी धरत नाही. पण पाहुणा आला की पेजेचा टोप झाकून पांढरा तांदूळ काढायचा, शाळेत पोरांनी उकडा भात खातो हे सांगायला लाजायचं, आणि तीच पोरं मुंबईत गेल्यावर महागडा ब्राउन राइस विकत घ्यायची, यात आपण आपल्याच अन्नाला खाली पाडलं.

काकींच्या सुनेने या वर्षी दोन गोणी भात जास्त उकडलं. कुडाळच्या बाजारात पेजेच्या तांदळाला आता विचारणा होते, आणि घेणारे बहुतेक मुंबईहून आलेले असतात. ती त्यांना देताना दोन गोष्टी सांगते. तांदूळ दोन पाण्यांपेक्षा जास्त धुवायचा नाही. आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत, उघड्या टोपात सावकाश शिजवायचा.